प्रतिकारशक्तीचं मुक्काम-पोस्ट

डॉ. कमल रणदिवे यांच्यावरचे लेख साधारण एकाच चालीनं पुढे सरकतात. १९१७ साली पुण्यात जन्म, वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक, डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी., मग बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाचं शिक्षण. परत आल्यावर परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतीसंवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा, उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावरचं मोठं काम, १९८२ साली पद्मभूषण. हे सगळं तपशिलात येतं आणि लेख संपता संपता दोन ओळी येतात: निवृत्तीनंतर त्यांनी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूरच्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. लिहिणारे याला समाजकार्य म्हणतात आणि आदरानं बाजूला ठेवतात. जणू विज्ञान परळला संपलं आणि राजूरला सेवा सुरू झाली. मला ही वाटणीच चुकीची वाटते. कर्करोग आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांच्यातला झगडा समजून घ्यायचा असेल, तर आदिवासी मुलाच्या दंडाचा घेर मोजणं हा त्याच संशोधनाचा पुढचा टप्पा ठरतो. रणदिव्यांच्या मनात हा दुवा अगदी याच शब्दांत होता, असा माझा दावा नाही. पण गेल्या पन्नास वर्षांत या शास्त्रानं जे शोधलं, त्यातून तो दुवा आपोआप उघड होतो. आणि तो पुरता तपासायचा तर अकोल्याहूनही पुढे, सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यापर्यंत जावं लागतं.

ट्यूमर इम्युनॉलॉजी या शास्त्राचा मूळ प्रश्न सोपा आहे. कर्करोगाची पेशी ही आपल्याच घरातली, पण बिघडलेली. परक्या जंतूला ओळखून मारणाऱ्या टी-पेशी हिला का मारत नाहीत? काही वेळा मारतात, आणि मग तो कर्करोग आपल्याला कधी कळतही नाही. काही वेळा मात्र त्या गाठीच्या आसपास गोळा होतात आणि नुसत्या बसून राहतात. त्यांना बसवून ठेवणारी यंत्रणा शोधल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळालं. टी-पेशींवर लगामासारखे काम करणारे रेणू असतात. तो लगाम सैल करणारं औषध दिलं की पेशी पुन्हा कामाला लागतात. याच प्रश्नाचं एक जुनं रूप परळच्या त्या केंद्रात फार आधी येऊन गेलं होतं. कर्करोगासाठी उभारलेल्या संस्थेत खानोलकर, रणदिवे आणि त्यांचे सहकारी कुष्ठरोगाच्या जंतूंमागे का लागले, याचं अनेकांना नवल वाटतं. १९५८ च्या सुमारास रुग्णांच्या गाठींमधून त्यांनी वाढवलेल्या जंतूंना संस्थेच्या आद्याक्षरांवरून आयसीआरसी बॅसिलाय म्हणतात, आणि पुढे त्यांच्यापासून लसही तयार झाली. नवल वाटण्याचं कारण नाही. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात जंतू कोट्यवधींच्या संख्येनं अंगात असतात आणि रुग्णाच्या टी-पेशी नेमक्या त्याच जंतूपुरत्या गप्प असतात. शत्रू समोर असताना सैन्य गप्प का, हा प्रश्न कुष्ठरोगात आणि कर्करोगात एकच आहे.

आता माझा मुद्दा. यकृत किंवा हृदय यांच्याबद्दल सांगता येतं की ते जगभर जवळपास सारखंच चालतं. प्रतिकारशक्तीबद्दल तसं सांगता येत नाही. ती जन्मानंतर घडते: कोणत्या मातीत खेळलात, कोणतं पाणी प्यालात, कोणते जंत पोटात होते, पोटाला पुरेसं मिळालं का, यावर. तिला मुक्काम-पोस्ट असतं. याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत महागात पडलेला पुरावा आपल्याच देशातला आहे. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांवर बीसीजी लशीची चाचणी झाली तेव्हा क्षयापासून पाऊणपट संरक्षण मिळालं. १९६८ पासून तमिळनाडूतल्या चिंगलपट भागात अडीच लाखांहून अधिक लोकांवर तीच कल्पना तपासली गेली. १९७९ साली निष्कर्ष आला की फुप्फुसाच्या क्षयापासून मोठ्यांना संरक्षण जवळपास शून्य. लस खराब होती का, नोंदी चुकल्या का, यावर पुष्कळ वाद झाला. सर्वाधिक मान्य झालेलं स्पष्टीकरण असं की उष्ण प्रदेशाच्या मातीपाण्यात क्षयजंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद भरपूर असतात, त्यांच्याशी लहानपणीच गाठ पडल्यामुळे लशीला शिकवण्यासारखं फारसं उरत नाही. रोटाव्हायरसच्या एकाच लशीनं गंभीर अतिसारापासून युरोपात ९६ टक्के आणि मलावीत ४९ टक्के संरक्षण दिलं, हा अलीकडचा दाखला. आणि बीसीजी म्हणजे नुसती क्षयाची लस नव्हे. १९७६ पासून मूत्राशयाच्या कर्करोगावर ती वापरली जाते. म्हणजे चिंगलपटचा धडा ट्यूमर इम्युनॉलॉजीच्या दाराशी केव्हाच येऊन उभा होता.

सातपुड्यात हा धडा रक्तातच लिहिलेला आहे. पद्मश्री डॉ. सुदाम काटे यांनी पुण्याहून जाऊन नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासण्या केल्या, तेव्हा शंभरातले सुमारे वीसजण वाहक आढळले. हे प्रमाण इतकं कसं वाढलं? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिलं की सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या मुलाला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळतं. (हे ॲलिसन वेगळे, नोबेलवाले वेगळे, पण दोघांनाही एकाच ओळीत बसवता येतं, याची मला थोडी गंमत वाटते.) पिढ्यानपिढ्यांच्या हिवतापानं या डोंगरातल्या माणसांमधून निवड केली आणि ती निवड आजही रक्तात वाहते आहे. वाहकाला त्रास सहसा होत नाही. ज्या मुलाला दोन्ही पालकांकडून तो जनुक येतो, त्याची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, आणि प्लीहा हा प्रतिकारशक्तीचा महत्त्वाचा अवयव. त्यावर कुपोषण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, या जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं कमी वजनाची होती. तीव्र कुपोषणात छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी आक्रसते, हे शवविच्छेदनातून फार पूर्वी दिसलं आहे. आणि टी-पेशी तयार होतात त्या थायमसमध्येच. रणदिव्यांनी राजूरला मोजलेल्या मुलांच्या वजनाचा आणि परळच्या काचेच्या बशीतल्या पेशींचा संबंध इथे आहे.

असं असेल तर या शास्त्रातल्या कारकिर्दीचं मोल कशावरून ठरवायचं? किती निबंध, किती पुरस्कार, कोणत्या नियतकालिकात, ही मोजमापं मला अपुरी वाटतात. टेबलावर कोणाची गाठ घेतली, हे आधी विचारायला हवं. रणदिव्यांच्या संस्थेचं पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालं, १९६६ साली टाटा स्मारक रुग्णालय आणि ही संस्था एका छत्राखाली आल्या, आणि २००२ साली संशोधनाचा संसार खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारकाच्या संशोधन केंद्रात हलला. डॉ. सुधा गांगल यांच्यासारख्या प्रतिकारशास्त्रज्ञ याच परंपरेतल्या, आणि पुढे ॲक्ट्रेकच्या संचालक झालेल्या डॉ. शुभदा चिपळूणकर याही. चिपळूणकरांची कारकीर्द मला या दृष्टीनं वाचण्यासारखी वाटते. त्यांनी निवडल्या त्या गॅमा-डेल्टा टी-पेशी. रक्तातल्या टी-पेशींमध्ये त्यांचं प्रमाण थोडं, पाठ्यपुस्तकात जागा त्याहून थोडी. पण या पेशींचं एक वैशिष्ट्य आहे: नेहमीच्या टी-पेशींना शत्रूचे तुकडे एका ठरावीक साच्यात बसवून दाखवावे लागतात, यांना त्याची गरज पडत नाही. कर्करोगाच्या पेशी तो साचा लपवून निसटतात, तेव्हा या उपयोगी पडू शकतात. १९९९ साली चिपळूणकरांच्या गटानं दाखवलं की तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर ताणामुळे येणारं एचएसपी-६० हे प्रथिन या पेशी ओळखतात. पुढच्याच वर्षी अन्ननलिकेच्या गाठींबद्दल तसाच निबंध आला. २०१० साली हाडांच्या ठिसूळपणावर दिल्या जाणाऱ्या औषधगटाचा वापर करून स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी या मारेकऱ्यांच्या नजरेत कशा आणता येतात, ते त्यांनी मांडलं. तोंड, अन्ननलिका, स्तन, गर्भाशयाचं मुख. यादी बघितली की कळतं, ही टाटा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेची यादी आहे.

आणि मग २०१६ साली त्यांच्याच गटाचा पित्ताशयाच्या कर्करोगावरचा निबंध येतो. उत्तर भारतात गंगेच्या खोऱ्यात हा आजार फार, पाश्चात्त्य देशांत विरळ, त्यामुळे त्याच्यावर जगात संशोधनही विरळ. या गाठींमध्ये सापडलेल्या गॅमा-डेल्टा पेशींपैकी काही आयएल-१७ नावाचा संदेशरेणू सोडत होत्या, त्यामुळे गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटत होत्या, आणि ज्या रुग्णांमध्ये अशा पेशी जास्त ते लवकर दगावत होते. जिला सतरा वर्षं मारेकरी म्हणून अभ्यासलं, तीच पेशी दुसऱ्या अवयवात शत्रूला रसद पुरवत होती. हे प्रसिद्ध करणं या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं काम आहे, असं माझं मत. कारण गॅमा-डेल्टा पेशी वाढवून रुग्णाला टोचाव्यात, अशा उपचारांची कल्पना जगभर चालू आहे. ज्या आजारात त्या उलटू शकतात, तो आजार ज्या देशात आहे तिथेच हा इशारा मिळू शकत होता. बॉस्टनमध्ये बसून तो मिळाला नसता, कारण तिथे अशी गाठ टेबलावर क्वचितच येते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. विज्ञान सार्वत्रिक असतं. होंजोंनी क्योटोत शोधलेला पीडी-१ हा रेणू सातपुड्यातल्या धडगावच्या माणसाच्या टी-पेशीवरही तसाच असतो. मग ‘आपलं’ इम्युनॉलॉजी, ‘नंदुरबारचं’ इम्युनॉलॉजी ही भाषा कशासाठी? हिला थोडं ढकललं की ती देशी विज्ञानाच्या वल्गनांकडे घसरते. रेणूंच्या बाबतीत हा आक्षेप पूर्ण मान्य. मला वेगळं नंदुरबारी सत्य नको आहे. पण रेणू कोणता आहे आणि तो अमुक माणसात किती कामाचा आहे, हे दोन प्रश्न आहेत. डोकं आणि मानेच्या कर्करोगावर निव्होलुमॅब हे पीडी-१ रोखणारं औषध २०१६ साली उपयुक्त ठरलं, ते ३६१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत. श्रीमंत देशांत या कर्करोगाचा मोठा हिस्सा एचपीव्ही विषाणूमुळे घशात होणारा. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री जिथे धरून ठेवतात त्या गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरडीला. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे होते. विषाणूनं झालेल्या गाठीत टी-पेशींना परकं काहीतरी दिसतं. तंबाखूनं झालेल्या गाठीत दिसतं ते वेगळं. शिवाय आतड्यातले जिवाणू कोणते आहेत यावर या औषधांचा गुण अवलंबून असतो, असं २०१८ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या गटांनी दाखवलं. ज्वारी-मक्याची भाकरी आणि विहीर-झऱ्याचं पाणी यांवर वाढलेलं आतडं ह्यूस्टनच्या आतड्यासारखं असेल, असं गृहीत धरणं हीच खरी अशास्त्रीय गोष्ट. सार्वत्रिकतेचा दावा करायचा असेल तर सगळीकडे तपासावं लागतं. सातपुडा वगळून मिळालेलं उत्तर सार्वत्रिक नसतं, ते तपासलेल्या माणसांपुरतं असतं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव. नर्मदेच्या काठच्या पाड्यांवर तरंगता दवाखाना जातो तेव्हा डॉक्टर दिसतो. अशा ठिकाणी टी-पेशींच्या गोष्टी करणं म्हणजे उपाशी माणसाला पाककृतीचं पुस्तक देणं, असं कोणी म्हणालं तर त्याला उडवून लावता येत नाही. मी तर पुढे जाऊन म्हणेन: या जिल्ह्यात कर्करोगासाठी एकच रुपया खर्चायचा असेल तर तो तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीवर खर्चावा. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं, टाटा स्मारकानं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. कोणत्याही औषधानं ग्रामीण महाराष्ट्रात एवढं केलेलं नाही. पण या पुराव्यातच आक्षेपाचं उत्तरही आहे. ती तपासणी ज्या विषाणूसाठी, त्याच विषाणूविरुद्धची लस हे ट्यूमर इम्युनॉलॉजीचं आजवरचं सर्वांत मोठं यश आहे. आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०२३ च्या जानेवारीत बाजारात आणलेली सर्व्हाव्हॅक ही त्या लशीची देशी आवृत्ती. प्रतिबंध एका बाजूला आणि प्रयोगशाळा दुसऱ्या बाजूला, ही मांडणी भाषणात टाळ्या घेते, पण इतिहासात टिकत नाही.

पैशाच्या आक्षेपाला त्याहून थेट उत्तर परळहूनच मिळालं. निव्होलुमॅबसारख्या औषधांपर्यंत भारतातले तीन टक्क्यांहूनही कमी रुग्ण पोहोचतात, हे टाटा स्मारकातल्या डॉक्टरांनीच नोंदवून ठेवलं आहे. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला: मात्रा इतकी का? प्रचलित मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, म्हणजे तीन आठवड्यांना ३६०. त्यांनी दिली तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम, अठरावा हिस्सा, आणि जोडीला स्वस्त गोळ्यांचा उपचार. बऱ्या न होणाऱ्या अवस्थेतले १५१ रुग्ण दोन गटांत विभागले. नुसत्या गोळ्यांवरच्या गटात वर्षानंतर १६.३ टक्के जिवंत होते, अल्पमात्रा जोडलेल्या गटात ४३.४ टक्के. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं. ही गरिबांसाठीची पातळ केलेली आवृत्ती आहे, अशी कुजबुज होते. तिला उत्तर इम्युनॉलॉजीतच आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत दिसलं होतं की अगदी कमी मात्रेतही हे औषध टी-पेशींवरच्या ७० टक्क्यांहून अधिक पीडी-१ रेणूंना दोन महिने धरून बसतं. मात्रा कित्येक पटींनी वाढवली तरी त्यात फारसा फरक पडत नाही. कुलूप एका किल्लीनं लागत असेल तर अठरा किल्ल्यांचे पैसे रुग्णानं का द्यावेत? ही माहिती सगळ्या जगाला उपलब्ध होती. ज्यांच्या दारात औषध न परवडणारी माणसं रोज उभी होती, त्यांनी तिचा अर्थ लावला. नंतर हाच विचार श्रीमंत देशांतही गांभीर्यानं घेतला जाऊ लागला, कारण औषधांच्या किमतीनं तिथल्या विमा कंपन्यांचंही कंबरडं मोडतंच आहे.

कार-टी उपचाराबद्दल थोडक्यात. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटानं टाटा स्मारकाबरोबर विकसित केलेल्या नेक्सकार-१९ ला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. किंमत अमेरिकेतल्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, तरीही ती काही लाखांत जाते. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याच्या शेतमजुराला त्या सवलतीचा काही अर्थ नाही. पण माझ्या मुद्द्यासाठी यातली दुसरी बाब मोठी आहे. या उपचाराचा कच्चा माल म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी. त्या काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना नवं हत्यार द्यायचं, वाढवायच्या आणि परत सोडायच्या. ज्याचं बालपण कुपोषणात गेलं त्याच्या टी-पेशी या कारखान्यात कशा वागतील? अंगणवाडीतल्या वजनकाट्याचा आणि आयआयटीतल्या पेशींचा असा समोरासमोर संबंध येईल, हे वीस वर्षांपूर्वी कोणाला सांगितलं असतं तर हसला असता.

तिसरा आक्षेप सर्वांत कडू. आदिवासींना संशोधनात घ्या, असं म्हणणं फार सोपं आहे. प्रत्यक्षात ते गिनिपिग होतात. याला पुरावा मागायची गरज नाही, तो संसदेच्या दप्तरात आहे. २००९-१० साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात पाथ या संस्थेनं मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला. काही मुलींच्या मृत्यूनंतर तो २०१० च्या एप्रिलमध्ये थांबवला गेला. मृत्यूंचा लशीशी संबंध सिद्ध झाला नाही. पण २०१३ साली संसदीय समितीनं संमतीच्या प्रक्रियेवर कडक ताशेरे ओढले. पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. नंदुरबार हा आश्रमशाळांचा जिल्हा आहे, तेव्हा इथल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. उस्मानाबादच्या ज्या अभ्यासाचं मी वर कौतुक केलं, त्यातही तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणीशिवाय ठेवलं गेलं, यावर टीका झाली आणि ती अवाजवी नव्हती. सिकलसेलच्या नावानं नमुने घेऊन जाणारे येतात आणि निकाल सांगायला कोणी परत येत नाही, असा समज डोंगरात रुजला तर त्याचा दोष डोंगराला देता येणार नाही.

तरीही या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘वगळा’ असा नाही. वगळण्याचा परिणाम असा होतो की औषध शेवटी इथेही येतं, पण इथल्या शरीराबद्दल काहीही न जाणता येतं. म्हणजे प्रयोग होतोच, फक्त त्याची नोंद होत नाही. तो मला नोंदवलेल्या प्रयोगापेक्षा जास्त अनैतिक वाटतो. म्हणून अटी घालाव्यात. संमती भिलीत, पावरीत, मावचीत समजावून घेतलेली असावी आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीत सही आईबापाचीच असावी. नमुना घेणाऱ्यानं निकाल पाड्यावर जाऊन सांगावा. चाचणीत भाग घेणाऱ्याला चाचणी संपल्यावरही उपचार मिळावा, आणि त्याचा मुंबईचा चारशेएक किलोमीटरचा प्रवास त्याच्या खिशातून होऊ नये. यातलं काहीही अशक्य कोटीतलं नाही. २०२० पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गाठीचा तुकडा नीट जपून ठेवणं, रुग्णाचं वजन, सिकलसेलची स्थिती, तंबाखूची सवय लिहून ठेवणं, एवढं तिथून सुरू होऊ शकतं. गॅमा-डेल्टा पेशी मोजण्याचं यंत्र खारघरला असलं तरी चालेल.

या क्षेत्रात कारकीर्द करू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना अनेकदा सल्ला मिळतो की जगात जे गाजतंय तो विषय धरा. मी उलट सांगेन: जिथे मोठा रोग आणि थोडं संशोधन आहे तो विषय धरा, चिपळूणकरांच्या पित्ताशयाच्या निबंधानं आणि पाटील-प्रभाश यांच्या २० मिलिग्रॅमनं त्यातून काय निघतं ते दाखवलं आहे. आणि संशोधन संस्थांकडे एक मागणी आहे, बिनखर्चाची. प्रत्येक चाचणीच्या अहवालात पहिल्या तक्त्यात रुग्णांचं वय, लिंग, गाठीचा टप्पा छापतात. त्याच तक्त्यात रुग्ण कोणकोणत्या जिल्ह्यांतून आले आणि त्यांतले किती अनुसूचित जमातींचे, हेही छापावं. नंदुरबारपुढे शून्य आलं तर शून्य छापावं.